वेलीला आधार हवा, पण कसला?

तुमच्या घरी मनीप्लांट आहे का? नसला तर शेजाऱ्यांकडे, दवाखान्याच्या खिडकीत किंवा शाळेच्या कार्यालयात तो नक्की सापडेल. पट्टी घेऊन त्याचे एक पान मोजा. बाटलीत वाढणाऱ्या किंवा टांगलेल्या कुंडीतून लोंबणाऱ्या वेलीचे पान बहुधा ७ ते १० सेंटीमीटर भरेल. आता एखादी जुनी बाग गाठा आणि आंब्याच्या किंवा माडाच्या बुंध्यावर चढलेला मनीप्लांट शोधा. तिथे हातभर लांबीची, सुपाएवढी रुंद पाने दिसतील. त्यांवर पिवळे पट्टे असतील आणि काही पानांच्या कडा तर केळीच्या पानासारख्या फाटलेल्या असतील. ही वनस्पती वेगळीच आहे, असे तुम्ही पैजेवर सांगाल. पण ती तीच आहे! बाटलीतल्या वेलीचा तुकडा त्या बुंध्याशी लावला असता, तर त्यालाही पुढे तशीच पाने आली असती.

हा फरक कशामुळे पडतो? पाणी आणि खत कमी-जास्त असल्यामुळे, असे तुम्ही म्हणाल. बाटलीतल्या वेलीला खत मिळत नाही, हे खरे. पण उत्तम शेणखत घातलेल्या कुंडीतून मनीप्लांट खाली लोंबू दिला, तरीही त्याची नवी पाने हळूहळू लहानच होत जातात. म्हणजे खताखेरीज आणखी काहीतरी हवे. ते म्हणजे आधार. वेलीला आधार लागतो हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण तो कसला असावा, याचे उत्तर प्रत्येक वेलीपाशी वेगळे असते. ते शोधायचे तर आधी वेल चढते कशी, हे पाहिले पाहिजे.

वेलीचा हिशेब

प्रकाश मिळवण्यासाठी झाडाला उंच व्हावे लागते. आंब्यासारखे झाड त्यासाठी आपल्या अन्नाचा मोठा भाग खोडातले लाकूड बनवण्यात खर्च करते. वेल हा खर्च टाळते. दुसऱ्याच्या खोडाचा आधार घेऊन ती बारीक खोडानिशी भराभर उंच जाते. हिशेब फायद्याचा आहे, पण त्यात एक अडचण आहे. आधार सापडला नाही, तर सगळी वाढ फुकट! म्हणून आधार शोधण्याची आणि तो धरून ठेवण्याची साधने वेलींनी विकसित केली आहेत.

या साधनांचा बारकाईने अभ्यास चार्ल्स डार्विनने केला. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याचा तणाव्यांविषयीचा एक छोटा लेख १८५८ साली प्रसिद्ध झाला होता. तो वाचून डार्विनचे कुतूहल जागे झाले. आजारपणामुळे खोलीतच राहावे लागत असताना त्याने हॉप नावाच्या वेलीची कुंडी खोलीत ठेवली आणि तिच्या शेंड्यावर नजर ठेवली. शेंडा आधार शोधत गोल फिरत होता. उष्ण हवेत, दिवसा, एका फेरीला सरासरी २ तास ८ मिनिटे लागतात, अशी त्याने नोंद केली. कंदीलपुष्पाच्या एका जातीचा शेंडा तर त्याच्या टेबलावर दीड मीटरहून अधिक व्यासाचे वर्तुळ काढीत होता. या कंदीलपुष्पाच्या कितीतरी जाती आपल्या सह्याद्रीत आहेत. डार्विनचा हा अभ्यास १८६५ साली शोधनिबंध म्हणून आणि १८७५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

चढण्याच्या चार तऱ्हा

आपल्या परसातल्या वेलींवरूनच या तऱ्हा ओळखता येतात.

पहिली तऱ्हा विळखा घालणाऱ्यांची. गोकर्ण, वाल, गुळवेल या वेलींचे खोडच आधाराभोवती गुंडाळत जाते. त्यांना बारीक आधार लागतो. सुतळी किंवा बोटाएवढी काठी त्यांना पुरते. गोकर्णाला जाडजूड खांब दिला, तर तिचा शेंडा त्याला वळसा घालू शकत नाही आणि वेल घसरून खाली येते.

दुसरी तऱ्हा तणाव्यांची. कारले, दोडका, भोपळा आणि कृष्णकमळ यांना स्प्रिंगसारखे तणावे असतात. कळलावीत तर पानाचे टोकच तणावा बनलेले असते. तणाव्याला कशाचा स्पर्श झाला, की तो त्या बाजूला वळतो, कारण स्पर्श झालेल्या बाजूची वाढ दुसऱ्या बाजूपेक्षा कमी होते. याला स्पर्शानुवर्तन म्हणतात. कृष्णकमळाच्या एका जातीचा तणावा स्पर्शानंतर साधारण अर्ध्या मिनिटात वाकू लागतो, असे डार्विनने भिंगातून पाहिले. या वेलींना जाळी किंवा ताणलेल्या दोऱ्या हव्यात. सपाट भिंत त्यांच्या काही उपयोगाची नाही.

तिसरी तऱ्हा काटे अडकवून पसरणाऱ्यांची. बोगनवेलीसारख्या या वेली स्वतःहून नीट धरत नाहीत, नुसत्या रेलतात. त्यांच्यासाठी मजबूत मांडव किंवा कमान उभारून फांद्या वेळोवेळी बांधाव्या लागतात.

चौथी तऱ्हा मुळांनी चिकटणाऱ्यांची. नागवेल, मिरी आणि आपला मनीप्लांट या गटातले आहेत. मनीप्लांटच्या खोडावर जिथे पान फुटते त्या गाठीपाशी, म्हणजे पेऱ्याच्या टोकाशी, तपकिरी रंगाचा छोटा उंचवटा दिसतो. तेच मूळ. जमिनीतल्या मुळापासून न निघता खोडातून निघते, म्हणून त्याला आगंतुक मूळ म्हणतात. हे मूळ उजेडापासून दूर वळते, झाडाच्या सालीच्या भेगांत शिरते आणि घट्ट चिकटते. त्याला खडबडीत, ओलसर आणि बोटापेक्षा जाड आधार हवा. गोकर्णाला नको असलेला खांब याला आवडतो, आणि गोकर्णाला आवडणारी सुतळी याच्या कामाची नाही!

अंधाराकडे जाणारी वेल

मनीप्लांटचे मूळ घर प्रशांत महासागरातले मूरेआ हे छोटे बेट. ताहितीच्या शेजारचे. अळूच्या, म्हणजे ॲरेसी कुलातली ही वनस्पती. त्या दमट जंगलात जमिनीवर उजेड अगदी कमी असतो. तिथे रांगणाऱ्या वेलीने झाड शोधायचे कसे? तिला डोळे तर नाहीत.

याच कुलातल्या मॉन्स्टेरा नावाच्या वेलीच्या एका जातीवर डोनाल्ड स्ट्राँग आणि थॉमस रे या शास्त्रज्ञांनी मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशात अभ्यास केला आणि तो १९७५ साली प्रसिद्ध केला. वनस्पतीचा कोंब उजेडाकडे वळतो, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. पण जमिनीवर रुजलेली ही रोपे उलट वागत होती. आसपास जिथे सर्वांत जास्त अंधार, त्या दिशेला ती सरकत होती. जंगलात सर्वांत गडद दिसते ते जाड झाडाचे खोड. म्हणजे अंधाराचा माग काढत रोप बरोबर बुंध्याशी पोचत होते. एकदा बुंध्याला टेकले, की वागणे पालटते आणि वेल उजेडाकडे वर चढू लागते.

आता टांगलेल्या कुंडीतल्या मनीप्लांटकडे पुन्हा पाहा. त्याची पेरी लांब, खोड बारीक आणि पाने लहान असतात. आधार सापडेपर्यंत मोठी पाने बनवण्यात अन्न खर्च करणे वेलीला परवडणारे नसते. ते अन्न ती लांबी वाढवण्याकडे वळवते. मुळे चिकटली, की खोड हळूहळू जाड होते, आधारावरची मुळेही पाणी शोषू लागतात आणि प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा थोडे मोठे येते. थोडक्यात, लोंबणारा मनीप्लांट म्हणजे अजून झाड शोधत असलेली वेल. तुम्ही दिलेला आधार तिला नुसता उभा धरत नाही. ‘झाड सापडले’ असे तो तिला सांगतो.

मनीप्लांट खाली लोंबू दिला तर घरातला पैसा जातो, असे काही जण म्हणतात. पैशाचा आणि वेलीचा काही संबंध नाही. पण वर चढणारी वेल अधिक जोमदार होते, हे निरीक्षण मात्र बरोबर आहे. तसेच चोरून आणलेला मनीप्लांटच चांगला वाढतो, हेही खरे नाही. मागून आणलेला तुकडा तितकाच छान रुजतो!

पानमळ्यात काय करतात?

हे शास्त्र आपल्या शेतकऱ्यांना अनुभवाने ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यातल्या मिरज भागात पानमळे आहेत. तिथे नागवेल लावण्याआधी शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा अशी झपाट्याने वाढणारी झाडे लावतात. ही झाडे आधारही देतात आणि सावलीही. वेल वाढू लागली, की ती झाडाला सैल बांधत जातात. पुढे वेल फार उंच गेली, की ती खाली उतरवून तिचे खोड बुडाशी मातीत पुरतात आणि शेंडा पुन्हा झाडाला बांधतात. पुरलेल्या भागाला नवी मुळे फुटतात आणि वेल पुन्हा नव्याने चढते.

कोकणात नारळी-पोफळीच्या बागेत मिरीची वेल चढवतात. मिरीच्या वेलीवर दोन प्रकारच्या फांद्या असतात. वर चढणाऱ्या खोडाला गाठीगाठींवर चिकटणारी मुळे असतात. बाजूला फुटणाऱ्या, घोस धरणाऱ्या फांद्यांना ती नसतात. अशा बाजूच्या फांदीपासून रोप तयार केले, तर ते चढतच नाही. त्याचे कुंडीत मावेल असे झुडूप होते आणि त्याला मिरी लागते. म्हणजे कोणत्या वेलीचा कोणता भाग लावला, यावरही आधाराची गरज ठरते.

आधाराची काठी तयार करू या

साहित्य सोपे आहे. सुमारे ४ सेंटीमीटर व्यासाचा आणि १ मीटर लांबीचा बांबू किंवा प्लॅस्टिकचा पाइप, १ सेंटीमीटर जाडीची काथ्याची दोरी, २५ ते ३० सेंटीमीटर खोल मातीची कुंडी, सुती कापडाच्या पट्ट्या आणि काही दगड.

काठीचा २५ सेंटीमीटर भाग मातीत जाईल आणि ७५ सेंटीमीटर वर राहील. वरच्या भागाला दोरी अगदी लागून लागून गुंडाळायची. किती दोरी लागेल, हे आधी कागदावर काढा. दोरी १ सेंटीमीटर जाड, म्हणून ७५ वेढे बसतील. वेढ्याचा व्यास काठी आणि दोरी मिळून ५ सेंटीमीटर धरला, तर एका वेढ्याला ३.१४ × ५ = १५.७ सेंटीमीटर दोरी लागेल. ७५ वेढ्यांना सुमारे ११८० सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ १२ मीटर. काथ्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या. त्यात क्षार असू शकतात.

काठी कुंडीत आधी उभी करायची आणि मग माती भरून रोप लावायचे. उलट केले, तर काठी खुपसताना मुळे तुटतात. काठी तळापर्यंत का न्यायची? इथे भौतिकशास्त्र कामाला येते. काठी ही एक तरफ आहे आणि मातीचा पृष्ठभाग हा तिचा टेकू. ७५ सेंटीमीटर वर आणि २५ सेंटीमीटर खाली असताना शेंड्याला वाऱ्याचा धक्का बसला, तर बुडाच्या टोकाशी त्याच्या निदान तिप्पट जोर येतो. तीच काठी नुसती १० सेंटीमीटर खुपसली, तर हा जोर निदान नऊपट होतो आणि काठी कलते. बुडाशी आडवी पट्टी ठोकली आणि भोवती दगड रचले, तर काठी आणखी पक्की बसते. कुंडीही रुंद बुडाची घ्या, म्हणजे ती उलटणार नाही. पाणी निघून जायला तळाला भोक हवेच.

बांधायचे कसे?

वेलीच्या खोडाची एक बाजू मुळांची असते. ती काठीकडे करा. पट्टी मराठी चारच्या (४) आकड्यासारखा पीळ देऊन बांधा, म्हणजे एक फासा काठीभोवती आणि एक खोडाभोवती येईल आणि मधला पीळ दोघांना घासू देणार नाही. खोडाभोवती करंगळी सहज जाईल इतकी ढील ठेवा. गाठीच्या जरा खाली बांधा, मुळांवर पट्टी येऊ देऊ नका. पानाचा देठ कधीही बांधू नका. देठ वळवूनच पान उजेडाकडे तोंड करते.

तार वापरू नये. मनीप्लांटचे खोड मऊ असते, तार त्यात रुतते. बोगनवेलीसारख्या वेलींचे खोड तर वर्षानुवर्षे जाड होत जाते. घट्ट तारेने सालीलगतच्या अन्नवाहक नलिका चेपल्या, की पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाऊ शकत नाही.

काठीवर रोज सकाळी पाणी शिंपडा. काथ्या कोरडा राहिला, तर मुळे चिकटणार नाहीत. कुंडी भरपूर उजेडात, पण कडक उन्हापासून दूर ठेवा. नवी मुळे काथ्यात शिरली, की पट्ट्या सोडून टाका. आधीच दोन-तीन मीटर लोंबलेली जुनी वेल असेल, तर तिची वाळलेली जुनी मुळे आता चिकटणार नाहीत. तिथे पानमळ्याची युक्ती वापरा. खोड गोल वळवून कुंडीच्या मातीत पुरा आणि शेंडा तेवढा काठीला लावा. किंवा दोन-दोन गाठींचे तुकडे करून नवी रोपे तयार करा.

तुमचा स्वतःचा प्रयोग

‘आधारामुळे पान मोठे होते’ हे आम्ही सांगितले म्हणून मानू नका. वर्गात प्रयोग करून पाहा. त्यात एक नाजूक प्रश्नही सोडवता येईल. वेलीला नुसते सरळ वर वाढणे पुरते, की मुळांची पकडही लागते?

एकाच वेलीचे सारख्या जाडीचे, दोन-दोन गाठींचे १५ तुकडे घ्या. ते एकाच वेलीचे असल्यामुळे त्यांचे आनुवंशिक गुण सारखे असतील. पाच-पाच रोपांचे तीन गट करा. पहिल्या गटाच्या वेली खाली लोंबू द्या. दुसऱ्या गटाच्या वेली गुळगुळीत, कोरड्या पाइपला बांधून वर न्या. तिसऱ्या गटाच्या वेली ओल्या काथ्याच्या काठीवर चढवा. माती, कुंडी आणि उजेड सर्वांना सारखा द्या. काठीवर जितके पाणी शिंपडाल, तितके इतर कुंड्यांच्या मातीत घाला.

दर पंधरा दिवसांनी प्रत्येक नव्या पानाची लांबी, रुंदी आणि दोन गाठींमधले अंतर मोजा. पान न तोडता आलेखाच्या कागदावर ठेवून त्याची कड पेन्सिलीने आखा आणि आतले चौकोन मोजा. अर्ध्याहून अधिक व्यापलेला चौकोन पूर्ण धरा, बाकीचे सोडून द्या. पानाचे क्षेत्रफळ मिळेल. गटातल्या पाच रोपांची सरासरी काढा, कारण एकाच रोपावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. पहिली एक-दोन पाने कोंबात आधीच तयार झालेली असतात, म्हणून त्यांच्यावरून घाई करू नका. निदान चार महिने नोंदी ठेवा. शिक्षकांनी हे काम जूनमध्ये सुरू केले, तर दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आलेख काढता येईल.

इतका धीर नसेल, तर एका सुट्टीचा प्रयोग. कुंडीत वालाचे बी पेरा. वेलीचा शेंडा लांबू लागला, की कुंडीखाली पांढरा कागद अंथरा. दर १५ मिनिटांनी शेंड्याच्या बरोबर खाली कागदावर टिंब काढून वेळ लिहा. टिंबे जोडली, की वेलीने आधार शोधताना काढलेला मार्ग तुमच्यासमोर येईल. डार्विनलाही याहून फार मोठी साधने लागली नव्हती.

आधार कुठे द्यायचा नाही?

मनीप्लांट झाडावर चढला, तरी तो त्या झाडाचा रस शोषत नाही. अमरवेल आणि बांडगूळ यांची मुळे झाडात घुसून अन्न-पाणी घेतात. मनीप्लांट नुसता चिकटतो आणि आपले अन्न आपणच बनवतो. तरीही तो निरुपद्रवी नाही. मोठा झाला, की तो झाडावर वजन टाकतो आणि जमिनीवर पसरला, की तिथल्या लहान रोपांचा उजेड अडवतो. श्रीलंका, हवाई यांसारख्या उष्ण प्रदेशांत तो बागेतून निसटून जंगलात पसरला आहे.

गंमत म्हणजे हा सारा प्रसार बियांवाचून झाला आहे. मनीप्लांटला फुले येताना क्वचितच कोणी पाहिली आहेत. म्हणूनच १८८० साली नाव मिळालेल्या या वनस्पतीची प्रजाती ठरवताना शास्त्रज्ञांचा घोळ झाला आणि १९६२ साली फूल आल्यावर तिची नीट तपासणी करता आली. फुलांसाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक तिच्यात पुरेसे तयार होत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मग ती पसरते कशी? खोडाच्या तुकड्यांनी. गाठ असलेला प्रत्येक तुकडा म्हणजे एक नवी वेल! तेव्हा छाटलेले तुकडे ओढ्याकाठी किंवा रानात फेकू नका. पूर्ण वाळवूनच कचऱ्यात टाका. रस्त्याकडेच्या आणि डोंगरावरच्या झाडांवर हौसेने मनीप्लांट सोडू नका.

आणखी एक काळजी. अळूप्रमाणेच मनीप्लांटमध्येही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चघळले तर तोंडाची आग होते. छाटणीनंतर हात साबणाने धुवा आणि लहान बाळे, मांजरे, गुरे यांच्यापासून वेल दूर ठेवा.

पुढच्या वेळी घरी नवी वेल आली, की काठी शोधायला धावण्याआधी तिच्या खोडाकडे नीट पाहा. ती विळखा घालते, तणावा फेकते, काटे अडकवते की मुळे चिकटवते? सुतळी द्यायची की जाळी, मांडव घालायचा की काथ्याचा खांब रोवायचा, हे मग तिच्याकडूनच कळेल.